बागेतलं तण काढायला हाताचं अवजार कोणतं घ्यावं?

रानजाई
मंडळी, तण काढण्यासाठी हातात धरायचं एक चांगलं अवजार घ्यायचं आहे आणि इतके प्रकार बघून डोकं चक्रावलंय. आतापर्यंत बोटांनीच उपटत आले. पाऊस पडून गेला की पटापट निघतं, पण जमीन सुकली की वरचा पाला हातात येतो आणि मूळ खाली तसंच राहतं. चार दिवसांत पुन्हा हजर.

बाग मध्यम आकाराची आहे. फुलझाडांचे वाफे, एक भाजीचा वाफा, मधून फरशांची वाट, कडेला हिरवळीचा पट्टा आणि बऱ्याच कुंड्या. माती काळी, चिकट, सुकली की भेगाळते. तणांत हरळी, लव्हाळा, घोळ आणि आंबुटी कायमची वस्तीला आहेत. बाकीची मला नावाने ओळखता येत नाहीत.

माझं मत असं की पाच हलकी अवजारं घेण्यापेक्षा एकच घ्यावं, पण वर्षानुवर्षं टिकणारं. खुरपं घेऊ, टोकाला दुभंगलेली जीभ असलेला तो मूळ-उपटणा घेऊ, जपानी होरी-होरी घेऊ, की उभ्याने चालवायचं लांब दांड्याचं? घेताना नेमकं काय तपासायचं? जे रोज वापरतात त्यांनी सांगावं. जाहिराती वाचून झाल्या आहेत.

मातकट
खुरपं. विषय संपला. :)

चाफेकळी
+१. खुरपं.

सोटमूळ
मातकट, संपला कसा? आत्ता तर सुरू होतोय.

रानजाई, अवजाराकडे बघण्याआधी तणाच्या मुळाकडे बघा. तुम्ही दिलेल्या चार नावांतच तीन वेगळ्या जाती आहेत आणि एकाच पात्याने तिन्ही जातील असं वाटत नाही.

घोळ आणि इतर बरीच बारीकसारीक तणं बियांपासून उगवतात. त्यांना खोल खणायची काही गरज नाही. मातीच्या पृष्ठभागाखाली बोटाच्या पेराएवढ्या खोलीवर धारदार पातं सरकवलं आणि देठ मुळापासून तुटलं की काम झालं. रोप दोन पानांवर असताना तर नुसतं हलवलं तरी मरतं.

दुसरी जात सोटमुळाची. एकच जाड मूळ सरळ खाली गेलेलं. वरून कापलं तर उरलेल्या बुंध्यातून पुन्हा फुटतं. इथे अरुंद, लांब, टोकदार काहीतरी लागतं, जे मुळाच्या कडेने खाली घालून तरफ मारता येईल. तुमचा तो दुभंगलेल्या जिभेचा उपटणा ह्यासाठीच केलेला आहे आणि ह्या एका कामात त्याचा हात कोणी धरणार नाही. हिरवळीतलं तण काढायलाही तोच, कारण बाजूचं गवत फारसं उखडत नाही.

तिसरी जात जमिनीखालून पसरणारी. हरळी आणि लव्हाळा. इथे धारदार पातं हेच शत्रू आहे. हरळीच्या प्रत्येक पेराला फुटवा येतो, म्हणजे तुम्ही एका दांडीचे सहा तुकडे केलेत तर सहा झाडं लावलीत. तिथे दात्यांचं अवजार हवं. हातातला छोटा काटा घालून माती उचलायची, सैल करायची आणि दांडी अखंड ओढून काढायची.

म्हणून एकच अवजार हा हट्ट सोडा, दोन घ्या. एक कापणारं, एक उचलणारं.

मातकट
सोटमूळ, मुळांचं सगळं मान्य. पण खुरप्याला नुसतं कापणारं म्हणू नका. त्याचं टोक खुपसून मूठ खाली दाबली की तरफ होते, आडवं धरलं की खरवडतं, उभं धरलं की ओळीत फट पाडतं, उलटं करून ठोकलं की ढेकूळ फुटतं. हरळीसुद्धा मी खुरप्यानेच काढतो, फक्त कापत नाही, टोकाने खालून उचलतो. भांगलण करणारी माणसं दिवसभर दुसरं काही हातात घेत नाहीत, त्याला कारण आहे.

वळीव
कोणतंही घ्या, पण वापसा बघून घ्या हातात. काळी माती ओली असताना खुरपलं तर पात्याला लगदा चिकटतो, माती दाबली जाते आणि सुकल्यावर तिचं वीट होतं. कोरडी ठणठणीत असताना मूळ तुटतं. मूठभर माती दाबून बघा. गोळा झाला आणि बोटाने टोचल्यावर भुगा होऊन पडला की तो मुहूर्त. रानजाईंची अर्धी तक्रार अवजाराची नाही, वेळेची आहे असं मला वाटतं.

कानस
वर सगळ्यांनी आकाराबद्दल लिहिलं. धारेबद्दल एकानेही नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नवीन खुरपं किंवा फावडं बहुधा बोथटच हातात येतं. ते तसंच वापरणारी माणसं जोर लावतात, मनगट दुखवतात आणि अवजाराला नावं ठेवतात. धार असली की साधंसुधं खुरपंही लोण्यातून गेल्यासारखं जातं, आणि धार नसली की महागातलं परदेशी पातंही नुसतं तण वाकवतं.

धार लावायला एक चपटी कानस पुरते. खुरपं फळीवर शिकंज्यात पकडा, नाहीतर पायाखाली घट्ट दाबून धरा. आधी बघा की धार मुळात एका बाजूने काढलेली आहे की दोन्ही. बहुतेक खुरप्यांना ती एकाच बाजूने असते, तीच बाजू घासायची. कानस पात्याशी साधारण ३० अंशांत ठेवा आणि पुढे ढकलतानाच दाब द्या. मागे आणताना उचलून आणा, पुढेमागे खरडलं तर कानशीचे दात जातात. कडेपासून कडेपर्यंत एकसलग, संथ. काही हातांनंतर मागच्या बाजूने अंगठा धारेवर आडवा फिरवलात, लांबीत नव्हे, तर वळलेल्या धातूची बारीक कड लागते. ती कड म्हणजे धार शेवटपर्यंत पोचल्याची खूण. मग पातं उलटं करून सपाट बाजूवर कानस पूर्ण आडवी ठेवून एकदा हलकेच फिरवायची, कड निघून जाते. हातमोजे घालून करा.

सुरीची पातळ धार काढू नका. माती आणि खडे तिला लगेच खातात. ३० अंशांची जाडसर धार जास्त टिकते. आणि दर वेळी खुरपायला बसण्याआधी दोन-चार हात कानशीचे, इतकी सवय लावून घ्या.

रानजाई
कानसकाका, हे तर मला कोणी सांगितलंच नव्हतं. खुरप्याला धार लावतात हे माहीत होतं, पण कड लागेपर्यंत घासायचं हे आज कळलं. मग पातं कुठल्या धातूचं बघू? स्टेनलेस गंजत नाही म्हणतात.

कानस
गंजत नाही हे खरं, पण बागेतल्या स्टेनलेस अवजारांची धार साध्या कानशीने पटकन परत येत नाही. कार्बन पोलाद गंजतं, पण धार धरतं आणि झटकन लागते. कापायच्या अवजाराला मी डोळे मिटून कार्बन पोलाद सांगेन. खुरप्याला नीट पाणी दिलेलं (तापवून, बुडवून कडक केलेलं) असेल तर तर्जनीच्या पेराने टिचकी मारल्यावर खणखणीत वाजतं, कच्च्या पत्र्याचं बदबदतं. काट्याला किंवा थापीला धार लागत नाही, तिथे स्टेनलेस चालेल. चिकट मातीतून तर ते स्वच्छही सहज होतं.

शेवग्याची_सावली
स्टेनलेसबद्दल असहमत. माझं स्टेनलेसचं होरी-होरी कित्येक वर्षं वापरात आहे आणि बारीक दगडावर धार छान येते. वेळ थोडा जास्त लागतो, इतकंच. उलट कार्बनचं एकदा ओलं राहिलं की दुसऱ्या दिवशी तांबूस. प्रत्येकजण संध्याकाळी पुसून, तेल लावून ठेवेल असं धरून सल्ला देऊ नये.

होरी-होरीबद्दल थोडं. अंतर्गोल, लांब पातं, एका कडेला धार आणि दुसऱ्या कडेला करवतीचे दाते. पात्यावर खोलीच्या खुणा असतात त्या कंद लावताना उपयोगी पडतात. सोटमुळाला उत्तम, जुन्या ठोंबाची मुळं करवतीने कापायला उत्तम, रोप लावायला उत्तम. मात्र रुंद वाफा खरवडायला निरुपयोगी. ते पातं त्यासाठी नाहीच.

निंबोणी
सगळे जमिनीवर बसणारे लिहीत आहेत, म्हणून मी उभ्यांच्या वतीने लिहिते. गुडघ्यांनी उकिडवं बसणं बंद केलं तेव्हा बाग सोडावी लागेल असं वाटलं होतं. सोडावी लागली नाही, कारण लांब दांड्याची अवजारं मिळाली.

त्यात तीन प्रकार समजून घ्या. एक ओढायचं: पातं दांड्याशी काटकोनात, आपल्याकडे खेचत माती खरवडतं. जड असतं, दाट माजलेल्या जागेला बरं. दुसरं ढकलायचं, त्याला डच हो (इंग्रजी hoe) म्हणतात: सपाट पातं मातीला जवळजवळ समांतर पुढे सरकतं आणि तुम्ही मागे मागे जाता, म्हणजे खुरपलेल्या जागेवर पाय पडत नाही. तिसरं रिकिबीच्या आकाराचं, खोगिराला असते ना तशी पट्टी, बिजागरीवर थोडी डुलणारी, दोन्ही कडांना धार. पुढेही कापतं, मागेही कापतं. माझ्यासारखीला हेच सोपं गेलं, कारण दाब द्यावा लागत नाही.

दांडा किती लांब? उभं करून टोक निदान खांद्याच्या आसपास यायला हवं. आखूड दांडा विकत घेतला की कंबर वाकवूनच काम होतं, मग लांब दांड्याचा उपयोग काय? धरताना दोन्ही अंगठे वरच्या दिशेला ठेवून अंगण झाडल्यासारखं चालवा. कुदळीसारखं अंगठे खाली करून धरलं की पाठ वाकतेच.

मातकट
निंबोणीताई, तुमच्या अनुभवाला नमस्कार. पण रानजाईंच्या फुलांच्या वाफ्यात ते रिकीब चाललं तर नुकत्याच उगवलेल्या झेंडूचंही शिरकाण होईल. रोपाच्या बुडाशी लागून तण असतं तिथे डोळा आणि पातं ह्यांत वीतभरच अंतर हवं.

निंबोणी
शिरकाण पातं रुंद असलं तर. अरुंद पातं घ्या. अमेरिकेतले भाजी पिकवणारे इलियट कोलमन यांनी ओळींमधून चालवण्यासाठी एक पातळ, अरुंद पात्याचा हो घडवला तो ह्याच कारणाने. पातं जमिनीला समांतर राहतं आणि माणूस सरळ उभा राहतो. रोपाच्या बुडाचं मात्र हातानेच काढायचं, तिथे तुमच्याशी सहमत आहे. त्यासाठी मी हात असलेली बैठी घडवंची वापरते. उलटी केली की गुडघे टेकायची गादी, सुलटी केली की बसायला, आणि उठताना कठड्याला हात धरता येतो.

डावखुरा
धाग्यात एक भर. डावरे असाल तर पात्याची धार आणि कल नीट बघा. एका बाजूने धार काढलेलं आणि कडेला वळवलेलं खुरपं बहुधा उजव्या हातासाठीच घडवलेलं असतं. डाव्या हातात ते मातीत घुसण्याऐवजी वर उसळतं. लोक म्हणतात सवय नाही, पण सवयीचा प्रश्नच नाही, कोनाचा आहे. सरळ, दोन्ही बाजूंनी सारखं असलेलं पातं घ्या किंवा डाव्या हाताचं घडवून घ्या. ढकलायचा हो आणि डुलती रिकीब दोन्ही हातांना सारखेच. होरी-होरीत दाते कुठल्या कडेला आहेत ते बघून ठरवा.

कोरियातलं हो-मी ही बघण्यासारखं आहे: आखूड मूठ, मानेत वळलेलं आणि टोकाकडे निमुळतं होत गेलेलं पातं. टोकाने खणतं, कडेने खरवडतं, पाठीने माती ओढून घेतं. पण त्याचंही पातं बहुतेकदा एका बाजूला वळलेलं असतं, डाव्यांनी विचारून घ्यावं.

चाफेकळी
डावखुऱ्यांनी घरातल्या उजव्यांकडून खुरपून घ्यावं, हा सगळ्यात सोपा उपाय.

डावखुरा
चाफेकळी, आमच्याकडे सगळे ऐन खुरपणीच्या दिवशी डावरे होतात. :)

घाईघाई
एवढा काथ्याकूट कशाला? तणनाशक फवारा, दहा दिवसांत साफ. किंवा मीठ आणि व्हिनेगर. हात मातीत घालायचेच कशाला?

सोटमूळ
घाईघाई, मीठ तर मुळीच नाही. तणाबरोबर मातीही जाते. मीठ तिथेच मुरतं आणि पुढे लावलेलं झाडही करपतं. व्हिनेगरने वरची पानं जळतात, पण लव्हाळ्याच्या खालच्या गाठींना त्याचा पत्ताही लागत नाही. पुन्हा कोंब येतातच. आणि फुलांच्या दाट वाफ्यात फवारा उडून भलत्याच पानावर बसतो, त्याचं काय?

घाईघाई
मी मोकळ्या जागेबद्दल बोलत होतो. वाफ्यात नाही.

वळीव
मोकळी जागा ठेवूच नका, हा खरा उपाय. जाड थर पालापाचोळ्याचा अंथरा, उजेड गेला की बारीक बिया उगवतच नाहीत.

व्यवस्थापक
तणनाशकांवर वेगळा धागा काढावा, तिथे मनसोक्त चर्चा करा. इथे हाताची अवजारं.

कुंडीवाली
कुंड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही. कुंडीत खुरपं मोठंच पडतं, वळवायला जागा नसते आणि झाडाची वरची तंतुमुळं कापली जातात. मी तीन दात्यांचा छोटा पंजा आणि एक लांब निमुळता चिमटा वापरते. चिमटा ऐकून हसू नका, आंबुटीसाठी त्याच्याइतकं उपयोगी काही नाही. आंबुटीची शेंग पिकली की स्पर्शाने फुटते आणि बिया शेजारच्या कुंडीपर्यंत उडतात. त्यामुळे शेंगा हिरव्या असतानाच, देठ जिथे मातीत शिरतो तिथे चिमट्यात धरून सावकाश वर ओढायची. आडवी पसरलेली फांदी पेरापेराला मुळं सोडते, ती टोकापासून मागे मागे उचलत यायचं. घाईने ओढली की मधेच तुटते.

पायवाट
फरशांच्या फटींसाठी काटकोनात वळलेलं, आकड्यासारखं, अगदी अरुंद पातं मिळतं. फटीत घालून आपल्याकडे ओढायचं. ह्या पात्याला चांगली धार लावू नका, दगडावर घासून ती जातेच. जाड, न वाकणारं पातं बघा. माझं पहिलं पातळ होतं, मुठीपाशी पिळवटून गेलं.

नवमाळी
कृपया लव्हाळ्यावर कोणीतरी नीट लिहा. मी काढतो आणि तो दुप्पट येतो. खरंच.

सोटमूळ
नवमाळी, तुमचं निरीक्षण बरोबर आहे.

लव्हाळ्याच्या गाठी जमिनीखाली बारीक तंतूंनी एकमेकींना जोडलेल्या असतात, एक पूर्ण साखळीच. साखळीत एका गाठीला कोंब आला की बाकीच्या बऱ्याच गाठी झोपून राहतात. तुम्ही वरून ओढता तेव्हा कोंब खालच्या फुगीर बुडाशी तुटतो. खुरप्याने साखळी तोडलीत तर झोपलेल्या गाठी मोकळ्या होतात आणि प्रत्येक स्वतंत्रपणे उगवते. दुप्पट होतो तो असा.

दोनच मार्ग आहेत. छोट्या जागेत माती वापशावर असताना काट्याने वीतभर खोल उचला, ढेकूळ हाताने चुरगळा आणि गाठी वेचा. बहुतेक गाठी वरच्या १५ सेंटीमीटरमध्येच असतात. काळ्या, खडबडीत, हरभऱ्याहून थोड्या मोठ्या दिसतात, कोवळ्या असतील तर पांढरट. एकही खत-खड्ड्यात टाकू नका. कडक उन्हात फरशीवर पसरून पार वाळवा. मोठ्या जागेत वेचणं शक्य नाही, तिथे उपासमार करा. कोंब ५-६ पानांवर येण्याआधी दर वेळी खुडा, म्हणजे नव्या गाठी धरायला त्याला फुरसत मिळत नाही आणि जुन्यांचा साठा संपत जातो. हे काम एका हंगामात होत नाही. मधे सोडलंत तर पहिल्यापासून.

काळा पातळ प्लास्टिक कागद अंथरून उपयोग नाही, त्याचा टोकदार कोंब कागद भोसकून वर येतो. सावली मात्र त्याला सोसत नाही. दाट पानांची झाडं लावली की जोर ओसरतो.

शेवग्याची_सावली
ह्यातच केना ह्या तणाची भर घाला. केना जमिनीवर निळी फुलं दाखवतो आणि जमिनीखालीही फुलतो. त्या खालच्या फुलांतही बी धरतं. वर फुलं दिसायच्या आत काढायचा असतो तो ह्यासाठी. आणि काढलेला ढीग ओल्या मातीवर टाकलात तर पेरांतून मुळं सोडून परत उभा राहतो. घोळीचंही तेच.

मातकट
म्हणूनच निंदणी सकाळी, पुढे दिवसभर ऊन-वारा असेल अशा दिवशी. खुरपून तिथेच टाकलेली बारीक रोपं दुपारपर्यंत वाळतात. ढगाळ दिवशी खुरपलं की निम्मी पुन्हा मातीत पाय रोवतात.

अजून एक, आणि हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. खोल खुरपू नका. खोल ढवळलं की वर्षानुवर्षं खाली पडलेलं बी वर उजेडात येतं आणि नवीन पीक उभं करतं. वरचं बोटभर खरवडा, खालचं झोपलेलं झोपू दे. लोक जोर दाखवायला खोल जातात, आणि मग तण वाढलं म्हणतात.

कानस
मातकटशी पूर्ण सहमत. आणि वरवर खरवडायला धारच लागते, बोथट पात्याला खोल जावंच लागतं.

नवमाळी
गाजरगवत हाताने उपटलं तर चालतं का? अंगाला खाज सुटते.

निंबोणी
उघड्या हाताने नको. त्याच्या स्पर्शाने काहींच्या त्वचेवर पुरळ येतं आणि एकदा ॲलर्जी जडली की दर वेळी त्रास वाढत जातो. जाड हातमोजे, पूर्ण बाह्यांचा सदरा, नाकावर फडकं. फुलण्याआधी, माती ओली असताना मुळासकट. फुललं असेल तर डोक्यावर पिशवी ओढून मग उपटा, एका झाडावर हजारो बिया असतात.

आणि सगळ्यांनाच: मातीत काम करताना हाताला कापलं तर साबणाने धुवा आणि धनुर्वाताची लस झालेली आहे ना ते बघा.

धुमारा
मूठ आणि जोड ह्यांवर कोणी बोललं नाही, आणि अवजार तिथेच तुटतं. पाच गोष्टी हातात घेऊन बघा.

पातं आणि मान एकाच लोखंडाची असावी. मानेपाशी झाळलेलं असेल आणि सांधा पातळ असेल तर कडक मातीत तरफ मारताना तिथूनच जातं. मानेचं टोक मुठीत किती आत गेलंय? नुसतं चिमूटभर घुसवलेलं हलू लागतं, आरपार जाऊन मागे वळवलेलं हलत नाही. मुठीच्या तोंडाशी शेंबी (धातूचं कडं) आहे का? ती नसेल तर लाकूड उभं चिरतं. मूठ पकडल्यावर अंगठा तर्जनीच्या टोकाला टेकायला हवा. फार जाड मूठ आवळून धरावी लागते आणि मनगट भरून येतं, फार बारीक असली की हातात फिरते. आणि शेवटी, खुरपण्याच्या स्थितीत धरा आणि मनगट बघा. ते सरळ राहत असेल तर पात्याचा कोन तुमच्यासाठी बरोबर. वाकवावं लागत असेल तर दुसरं घ्या, कितीही देखणं असलं तरी.

लांब दांड्याच्या अवजारात नेढं (दांडा बसतो ते भोक) आणि पाचर बघा. सैल झालं तर पाण्यात भिजवून ठेवायचा उपाय सगळे सांगतात, पण वाळलं की लाकूड आकसून पुन्हा सैल. नवीन पाचर ठोकणं हाच उपाय.

चाफेकळी
आणि मूठ भडक रंगाची घ्या. मातीच्या रंगाची मूठ पालापाचोळ्यात हरवते.

धुमारा
लाकडी मुठीला लाल रंगाची पट्टी मारा, काम झालं. पण सगळी मूठ तैलरंगाने रंगवू नका, घामाने सटकते. कच्चं जवसाचं तेल मुरवा, हाताला छान बसते. त्या तेलाची चिंधी मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. तेल वाळताना उष्णता धरतं आणि चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. उघडी पसरून वाळवा, नाहीतर पाण्यात भिजवून टाका.

रानजाई
सगळं दोनदा वाचलं. आज दोन अवजारं घेऊन आले. एकच घेण्याचा आग्रह सोडला, सोटमूळ आणि निंबोणीताईंमुळे.

पहिलं खुरपं, कार्बन पोलादाचं, मान पात्यातूनच ओढलेली, शेंबी घट्ट. धुमारा यांनी सांगितलं तसं उकिडवं बसून धरून बघितलं. आधी जे आवडलं होतं त्यात मनगट मुडपत होतं, म्हणून दुसऱ्या कोनाचं घेतलं. दुसरा चार दात्यांचा हातकाटा, हरळी-लव्हाळ्यासाठी. कानससुद्धा घेतली. घरी येऊन कड लागेपर्यंत घासलं आणि घोळीच्या रोपांवर चालवलं. पातं जातंय हे कळत सुद्धा नाही, नुसता बारीक चर्रर्र आवाज येतो आणि रोप आडवं.

आता अडलंय ते असं. गुलाबाच्या बुंध्यात हरळी शिरली आहे, अगदी मुळांच्या जाळ्यात. काटा घातला तर गुलाबाची मुळं तुटतील, नाही घातला तर हरळी तिथूनच सगळीकडे जाते. काय करू?

सोटमूळ
उन्हाळ्याच्या भरात नको. गुलाब छाटणीला येईल तेव्हा त्याची झड आणि मुळांची तोड दोन्ही सोसतो. तोवर फक्त वर दिसणारी हरळीची दांडी रोज नखाने खुडत राहा, जोर मिळू देऊ नका. छाटणीच्या वेळी बुंध्याभोवती हातभर अंतरावरून काट्याने आत आत माती सैल करा, नंतर काटा बाजूला ठेवून बोटांनी. हरळीची दांडी पांढरट, गुळगुळीत, पेरं असलेली. गुलाबाचं मूळ तपकिरी, खरखरीत, बिनपेराचं. पेरं दिसली की ओढा.

मातकट
आणि वाफ्याच्या कडेला बाहेरून वीतभर खोल चर काढून ठेवा, नाहीतर हिरवळीतली हरळी आतून काढलेली जागा लगेच भरेल. चर दर पंधरवड्याला खुरप्याच्या टोकाने साफ करायचा, त्यात उतरलेली दांडी डोळ्यांना दिसते.

रानजाई
हिरवळ आणि वाफा लागूनच आहेत, हे लक्षातच घेतलं नव्हतं. उद्या वापसा असेल तर चर आधी घेते. कडेला फरशी उभी गाडली तर चराची गरज राहील का?

पायवाट
फरशी वीतभर तरी खाली जायला हवी आणि सांधे बंद हवेत. सांध्यातून हरळी हमखास येते. शिवाय वरूनही झेप घेते, म्हणून फरशीचं तोंड मातीच्या वर दोन बोटं ठेवा आणि वरून ओलांडणारी दांडी दिसली की लगेच कापा. इथे कापलं तरी चालतं, तुकडा उचलून घेतला की झालं.